काचेवरची नक्षी: हातातली ब्लास्टिंग गन घेऊन पहिली पाटी करताना

"ताई, गन आणलीय, कॉम्प्रेसर मित्राचा आहे, वाळू चाळून ठेवलीय. प्रेशर किती ठेवू?" असे फोन मला महिन्यातून दोन-तीन तरी येतात. 'वाळू' ऐकलं की मी प्रेशरचा आकडा सांगत नाही. आधी ती वाळू पुन्हा पोत्यात भरून बाजूला ठेवायला लावते, मग बाकीचं बोलते. हा लेखही त्याच क्रमाने लिहिते आहे.

पुण्यात धायरीला घरामागच्या शेडमध्ये मी सँडब्लास्टिंगने, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण दाणे काचेवर मारून, नावाच्या पाट्या, देवघराची दारं, खिडक्यांच्या काचा कोरते. समजायला सोपं जावं म्हणून आपण एकच काम धरून चालू: घराच्या नावाची १२ बाय ६ इंचांची पाटी, ६ मिलीमीटर जाडीची साधी काच, नाव 'शांताई' आणि खाली शेवंतीची छोटी वेल. पहिल्यांदा करणाऱ्याला याला एक रविवार पुरतो. त्यात प्रत्यक्ष गन चालते ती जेमतेम दहा मिनिटं. बाकीचा दिवस हवा कोरडी करण्यात, काच पुसण्यात आणि स्टेन्सिल चिकटवण्यात जातो, आणि पाटी चांगली होणार की नाही हे त्या बाकीच्या वेळातच ठरतं.

वाळू का नको

नावात 'सँड' आहे आणि सुरुवातही वाळूनेच झाली. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्घमनने १८७० मध्ये या पद्धतीचं अमेरिकन पेटंट घेतलं. जोरात फेकलेला कठीण दाणा ठिसूळ काचेचा कपचा उडवतो, हे तत्त्व आजही तेच आहे. पण वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. दाणा काचेवर आपटून फुटतो आणि त्याची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जाते. तिथे ती बाहेर पडत नाही, तिच्याभोवती व्रण धरत जातात. त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, काम सोडल्यानंतरही वाढू शकतो आणि क्षयाचा धोका वाढवतो. ब्रिटनने १९४९ च्या नियमांनी कारखान्यांतल्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसला सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातलं.

मी हे काम पहिल्यांदा ज्यांच्याकडे पाहिलं ते मिस्त्री नदीची वाळू वापरायचे, तोंडाला रुमाल बांधून. हात इतका स्थिर की मोराच्या पिसाऱ्यातली एकेक रेघ वेगळी दिसायची. पन्नाशीत त्यांना एक जिना चढताना मधे बसावं लागायला लागलं. वाळूच्या बाबतीत मी म्हणूनच कुणाशी घासाघीस करत नाही. बांधकामाची क्रश सँडही नको. तिच्यात धूळ भरपूर आणि दाण्याचा आकार बेभरवशाचा.

वाळू नसली तरी धूळ असतेच, कारण काचेचाही भुगा उडतो. साधा कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे काही कामाचा नाही. निदान आयएस ९४७३ या मानकाचा एफएफपी२ मास्क हवा. वारंवार काम करणार असाल तर बदलता येणारे पी१०० फिल्टर असलेला रबरी अर्धा मास्क घ्या. मास्क चेहऱ्याला नीट चिकटला पाहिजे. दाढी असेल तर कडेने धूळ आत येते, हे पुरुष मंडळींनी मनावर घ्यावं. बाजूने बंद असणारा गॉगल, कानात प्लग, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट. काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, कारण खाली बसलेली धूळ झाडूने पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.

मग गनमध्ये काय भरायचं

आपल्याकडे धार लावायला कुरुंदाचा दगड असतो. कुरुंद म्हणजे निसर्गात सापडणारा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, आणि काचेसाठी हीच वस्तू कारखान्यात बनवलेली, मापात चाळलेली विकत मिळते. कठीणपणाच्या मोह मापावर काच ५.५ ते ६ वर येते, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड ९ वर आणि सिलिकॉन कार्बाइड, ज्याला दुकानात कार्बोरंडम म्हणतात, त्याच्याही थोडं वर. कार्बाइड जास्त जलद कापतं, पण महाग असतं. शिकताना पांढरा किंवा तपकिरी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड घ्या.

नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. १२० नंबरचा दाणा साधारण एक दशांश मिलीमीटरचा असतो. ८० नंबरने खोल आणि खरखरीत काम होतं, २२० ने दुधासारखी मऊ छटा येते. आपल्या पाटीला १५० घ्या. मागताना 'ब्लास्टिंगसाठी' असं स्पष्ट सांगा. काचेचे गोल मणी, म्हणजे ग्लास बीड, कुणी देऊ केले तर घेऊ नका. ते धातूला चकाकी आणायला चांगले, पण गोल दाणा काच नीट कापत नाही.

ग्रिट, म्हणजे हे दाणे, परत परत वापरता येते. प्रत्येक वेळी बारीक जाळीतून चाळायची, म्हणजे व्हायनलचे (स्टेन्सिलच्या चिकट प्लास्टिक फिल्मचे) तुकडे आणि काचेचे कपचे निघून जातात. दाणे झिजून पिठासारखे झाले की कापायला वेळ लागायला लागतो आणि धूळ वाढते. तेव्हा ती टाकून द्या.

हवा

नव्या माणसाचं सगळं लक्ष प्रेशरवर असतं, आणि अडतं मात्र हवेच्या प्रमाणावर. प्रेशर म्हणजे हवा किती जोरात येते, सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट येते. लहानशा हातगनलाही सहा-सात सीएफएम सहज लागते. पिस्टनचा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात दर एचपीमागे तीन ते चार सीएफएम देतो. खोक्यावर छापलेला मोठा आकडा बहुधा पिस्टनच्या हिशेबाचा असतो, नळीतून बाहेर येणाऱ्या हवेचा नाही. म्हणून विचारताना 'फ्री एअर डिलिव्हरी किती?' असं विचारा. दोन एचपी आणि ५० लिटरची टाकी एवढ्यावर पाटी होते, फक्त गन सलग चालत नाही. पंधरा-वीस सेकंद मारायचं, टाकी भरेपर्यंत थांबायचं. मोठी खिडकी किंवा दार करायचं असेल तर याच्यावर जीव काढू नका, तीन एचपीच्या पुढचा भाड्याने आणा. कॉम्प्रेसर १६ अँपिअरच्या सॉकेटवर थेट लावा. लांबलचक पातळ एक्स्टेन्शन लावलं तर सुरू होताना मोटर गुरगुरते आणि तापते.

गॅरेज आणि वर्कशॉपमध्ये प्रेशर 'किलो'त मोजतात, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर किती किलो. एक किलो म्हणजे साधारण १४ पीएसआय. आपल्याला गनजवळ अडीच ते तीन किलो पुरे. चार-साडेचार किलोवर काम लवकर होतं असं वाटतं खरं, पण व्हायनलच्या कडा उचलल्या जातात आणि पातळ काच तडकू शकते.

आता पुण्याच्या हवेविषयी. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की दाबली गेलेली हवा टाकीत अक्षरशः पाणी सोडते. ते पाणी ग्रिटमध्ये गेलं की तिचे गोळे होतात, गन खोकल्यासारखी थांबत-थांबत फेकते आणि काचेवर पट्टे उमटतात. मला येणाऱ्या 'गन बिघडली' या तक्रारींपैकी बहुतेक जुलै-ऑगस्टच्या असतात आणि गन ठणठणीत असते. उपाय असे: काम सुरू करण्याआधी टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी सोडायचं. टाकी आणि गन यांच्यामध्ये, कॉम्प्रेसरपासून शक्य तितक्या लांब, मॉइश्चर ट्रॅप बसवायचा. हवा नळीत थोडी थंड झाली की पाणी वेगळं होतं आणि मगच ते ट्रॅपमध्ये पकडता येतं. कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेल्या ट्रॅपमधून वाफ तशीच पुढे जाते. ग्रिट पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट वाटली तर पत्र्यावर पसरून उन्हात किंवा हॅलोजनच्या दिव्याखाली वाळवा.

हार्डवेअरच्या दुकानात फिल्टर आणि रेग्युलेटरच्या जोडीला लुब्रिकेटरही असलेला संच, ज्याला एफआरएल म्हणतात, तो पुढे केला जातो. हवेवर चालणाऱ्या पान्यांना तेल लागतं, पण आपल्याला लुब्रिकेटर अजिबात नको. हवेतून तेलाचा फवारा आला तर ग्रिट चिकट होते आणि काचेवर तेलाचा थर बसतो. फक्त फिल्टर आणि रेग्युलेटर मागा.

फेब्रुवारी ते मे उलट अडचण येते. कोरड्या हवेत दाणे नळीतून घासत जातात, स्थिर वीज साठते आणि हाताला चटके बसतात. ब्लास्टिंगच्या पेटीला आणि गनच्या धातूच्या भागाला तारेने अर्थिंग द्या.

गन आणि पेटी

पुण्याच्या बोहरी आळीत मिळणाऱ्या हातगन दोन प्रकारच्या दिसतील. एकीला वर कप असतो, दुसरीची नळी खाली ठेवलेल्या बादलीतल्या ग्रिटमध्ये सोडायची असते. दोन्ही ओढीवर चालतात: हवेचा झोत पुढे जाताना ग्रिट खेचून घेतो. कपवाली हलकी, लहान कामाला चांगली, पण दर मिनिटाला भरावी लागते आणि तिरकी केली की पुरवठा तुटतो. पाटीला चालेल. नोझल सिरॅमिकचं घ्या आणि दोन जास्तीची ठेवा. नोझल आतून झिजतं, भोक मोठं झालं की हवा जास्त खर्च होते आणि झोत विस्कटतो. नव्या नोझलच्या भोकात घट्ट बसणारं ड्रिलचं बिट ओळखून ठेवा. तेच बिट सैल खेळायला लागलं की नोझल बदला.

एक गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. गन कुणाच्या दिशेने धरायची नाही, मोकळ्या हवेचा झोतही अंगावर मारायचा नाही. कपडे झटकायला तर नाहीच नाही.

पेटी करून घेतली तर हे काम सुखाचं होतं. १२ मिलीमीटर प्लायची, तीन बाय दोन बाय दोन फूट, वरच्या तिरक्या बाजूला बघायला काच, पुढे दोन भोकं आणि त्यांना लांब रबरी हातमोजे. आत एलईडीची पट्टी. तळ उतरता ठेवला की ग्रिट एका ट्रेमध्ये जमते. बघायच्या काचेला आतून पारदर्शक फिल्म लावा, नाहीतर काही दिवसांत तीच धुरकट होईल. धूळ ओढायला हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम क्लीनर जोडा. साध्या घरगुती मशीनमधून बारीक धूळ मागच्या बाजूने खोलीतच येते. पेटी असली तरी मास्क काढायचा नाही.

पेटी नसेल तर मोकळ्या आवारात तीन बाजूंनी ताडपत्री बांधून करता येतं. सोसायटीच्या गच्चीवर मात्र करू नका. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि शेजारच्या आजींच्या श्वासात ही धूळ जाते, आणि गच्ची सगळ्यांची असते.

कोणती काच

शिकायला काचवाल्याकडचे ४-५ मिलीमीटरचे तुकडे आणा. ते कापून उरलेले असतात, मागितले तर देतात. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात जुन्या बरण्या, बाटल्या मिळतात. गोल भांड्यावर स्टेन्सिल बसवण्याचा सराव त्यांच्यावर छान होतो. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये लोकांच्या एकेका पैशातून पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला, त्यामुळे या भागातली जुनी काच हातात आली की मी ती जरा जपूनच वापरते. बुडबुडे आणि लाटा असलेल्या त्या काचेवर खोल कोरू नका. बुडबुड्यापाशी ती फुटते.

पाटीसाठी ६ मिलीमीटरची साधी फ्लोट काच, चारही कडा घासून पॉलिश केलेली. भिंतीवर बसवायची भोकं आधीच पाडून घ्या, कारण भोक पाडताना काच फुटली तर निदान नक्षीची मेहनत वाया जात नाही.

टफन्ड, म्हणजे तापवून झटकन थंड करून मजबूत केलेल्या, काचेविषयी नेहमी विचारतात. तिच्या पृष्ठभागात दाब साठवलेला असतो आणि त्यावरच तिची ताकद उभी असते. वरवरची धुरकट नक्षी चालते, खोल कोरलं तर सगळी काच एका क्षणात दाणेदार होऊन कोसळते. दारासाठी काम असेल तर साध्या काचेवर आधी हलकी नक्षी करा आणि मग ती टफनिंगला पाठवा. कारखान्यात नक्षी कोणत्या बाजूला आहे ते सांगा. काम घेण्याआधी त्यांना ते चालतं का हेही विचारून घ्या. एकदा टफन्ड झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. ब्लास्टिंगने साध्या काचेची ताकद कमी होते, कारण पृष्ठभागावर बारीक तडे पडतात. त्यामुळे वजन पेलणाऱ्या फळीवर किंवा टेबलाच्या काचेवर मी साध्या काचेचं काम घेत नाही.

अक्षरं आणि स्टेन्सिल

कापायचं काम गाड्यांच्या नंबरप्लेटवाल्या रेडियमच्या दुकानात होतं. मात्र नंबरप्लेटचं चकाकणारं रिफ्लेक्टिव्ह नको, ते कडक असतं आणि नीट बसत नाही. साधं मऊ व्हायनल, शक्यतो निळं किंवा काळं, म्हणजे काय झाकलंय आणि काय उघडं आहे ते स्पष्ट दिसतं. एवढी पातळ फिल्म ग्रिटला कशी पुरते, याचं नवल वाटेल. दाणा कडक काचेवर आपटला की कपचा उडतो, मऊ लवचिक थरावर आपटला की उसळून परत जातो. खोल कोरायचं असेल तेव्हा जाड रबरी स्टेन्सिल लागतं, आपल्या पाटीला व्हायनल पुरे.

देवनागरीला दुकानात तीन ठिकाणी दगा बसतो. पहिलं, फाइल कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांचे आकार करून न्या. नाहीतर तिथल्या संगणकावर फॉन्ट बदलतो आणि जोडाक्षरं फुटतात. दुसरं, आपल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळी असते आणि ती शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. डोळ्यांना ती सलग दिसते, पण प्लॉटर, म्हणजे कापायचं मशीन, प्रत्येक सांध्यावर चीर देतो. म्हणून सगळी अक्षरं आधी वेल्ड करून एक आकार करून घ्या. तिसरं, पाटी मागून कोरायची, म्हणजे पुढची बाजू गुळगुळीत राहते, धूळ बसत नाही, पुसता येते. त्यासाठी नक्षी उलटी कापायला हवी. कापण्याआधी कागदावर उलटी प्रिंट काढा आणि मागून ट्यूबलाइटसमोर धरून वाचा. वेलांटी आणि उकार बरोबर बाजूला आले की मगच होकार द्या.

रेघ दोन मिलीमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, दोन रेघांमधली फट दीड मिलीमीटरच्या खाली नको. 'श्री', 'ज्ञ', 'क्ष' यांच्या आतल्या जागा लहान पाटीवर भरून येतात, तिथे जाड सरळ वळणाचा फॉन्ट बरा. वारलीची माणसं करणार असाल तर हातपाय थोडे जाडच काढा.

अक्षर कोरायचं की अक्षराभोवतीची काच, हेही आधी ठरवा. पहिल्या 'शांताई'च्या वेळी मी अक्षरं पारदर्शक ठेवून भोवतीची काच धुरकट करायला घेतली. तसं केलं की अनुस्वार म्हणजे व्हायनलचा तीन मिलीमीटरचा एकटा ठिपका उरतो. झोताने तो कधी उडाला ते कळलंच नाही आणि पाटीवर 'शाताई' राहिलं. ते घर एका आईच्या नावाचं होतं. दुसऱ्या दिवशी नवी काच आणून पाटी पुन्हा केली, आणि तेव्हापासून लहान पाटीवर मी नेहमी अक्षरंच कोरते. तसं केलं की अनुस्वार हे उघडं भोक असतं, उडायला काही उरतच नाही. मग फक्त 'श'च्या गाठीतला, 'व'च्या पोटातला तुकडा सांभाळायचा.

काच आधी साबणाच्या पाण्याने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. त्यानंतर बोट लावायचं नाही. व्हायनलवर ट्रान्स्फर टेप (कापलेली अक्षरं जशीच्या तशी उचलणारी चिकट पट्टी) घासून बसवा, काचेवर जागा जुळवा आणि मधोमध मास्किंग टेपची आडवी पट्टी मारून पक्कं करा. मग एक अर्धा भाग उचला, मागचा कागद सोला, कापून टाका आणि मधून बाहेर स्क्वीजी फिरवत बसवा. दुसरा अर्धा तसाच. पाणी फवारून बसवण्याची पद्धतही आहे, पण पाणी पूर्ण वाळलं नाही तर कडा सुटतात. पहिल्यांदा कोरडंच बसवा. ट्रान्स्फर टेप काढताना जवळजवळ सपाट मागे दुमडत, सावकाश काढा.

आता कोरायचा भाग टोकदार चिमट्याने उपसून काढा. दुकानात याला वीडिंग म्हणतात. हे सकाळच्या उजेडात, घाई नसताना करावं असं काम आहे. उघड्या काचेवर डिंक राहिला असेल तर अल्कोहोलचा कापूस पिळून हलक्या हाताने पुसा. डिंकही लवचिक असतो, त्यावरून दाणा उसळतो आणि तिथे चकाकता डाग राहतो. शेवटी बाकीची सगळी काच, कडा आणि पलीकडची बाजू मास्किंग टेपच्या दोन थरांनी झाका. पेटीत उसळलेले दाणे मागूनही लागतात. झाल्यावर कडांवरून बोट दाबत फिरवा आणि तासभर तसंच ठेवा.

गन चालवताना

आधी टाकाऊ तुकड्यावर, त्याच व्हायनलचा एक तुकडा चिकटवून, मारून बघा. रेग्युलेटर अडीच किलोवर. ग्रिट धुक्यासारखी विरळ यायला हवी. दाट ओघ येत असेल तर ग्रिटचा पुरवठा कमी करा, नाहीतर नोझल तुंबतं. तुंबलं तर नोझलचं तोंड रबराच्या तुकड्यावर क्षणभर दाबून झोत उलटा फिरवा. कपचं झाकण मात्र बंद असू द्या.

काचेपासून १५ सेंटीमीटर अंतर, झोत काटकोनात. तिरका मारला तर दाणे व्हायनलच्या कडेखाली शिरतात आणि अक्षराची कड विस्कटते. सुरुवात काचेच्या बाहेर करा, झोत स्थिर झाला की आत या आणि बाहेर जाऊनच थांबा. हात इस्त्रीसारखा फिरता हवा, एका जागी रेंगाळला की खड्डा. आधी आडवे हात, प्रत्येक हात आधीच्या अर्ध्यावर चढलेला, मग उभे हात.

काच धुरकट व्हायला वाटतं त्यापेक्षा फार कमी वेळ लागतो. तीन-चार हातांत रंग येतो. नवा माणूस 'अजून थोडं' म्हणत मारत राहतो, आणि तेवढ्यात व्हायनलच्या कडा विरतात. म्हणून थांबा, दाणे झटका आणि मागून टॉर्च तिरकी धरून बघा. राहून गेलेली जागा चकाकते. तेवढ्यावरच एक हलका हात द्या.

छटा हवी असेल, म्हणजे शेवंतीची पाकळी टोकाशी गडद आणि देठाकडे फिकी, तर अंतर २५-३० सेंटीमीटर करा, प्रेशर दीड किलोवर आणा आणि गडद भागाकडून फिक्या भागाकडे झटक्याने हात काढा. यासाठी २२० नंबर चांगला. याचा सराव कमीत कमी दहा तुकड्यांवर करा, त्याशिवाय पाटीवर जाऊ नका.

खोल उठावाचं काम वेगळ्या क्रमाने होतं. दहा-बारा मिलीमीटरच्या काचेवर, मागून कोरताना, बघणाऱ्याला जी पाकळी सगळ्यात पुढे दिसायला हवी तिचं रबरी स्टेन्सिल आधी काढायचं आणि ती सगळ्यात खोल मारायची. मग तिच्या मागची, मग त्याच्या मागची. एकदा खोल गेलेली जागा पुन्हा वर आणता येत नाही, त्यामुळे क्रम कागदावर आकडे घालून लिहून ठेवा. जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल जायचं नाही.

आरशावर मागून केलं तर आधी रंग आणि चांदीचा थर उडतो, मग काच. थर गेलेल्या जागेतून मागे दिवा लावला की छान दिसतं.

धुणं आणि बसवणं

काम झाल्या झाल्या व्हायनल सोलायची घाई करू नका. वर बसलेले दाणे सोलताना घसरतात आणि पारदर्शक भागावर चरे पडतात. आधी काच वाहत्या पाण्याखाली धुवा. धुताना तुमची नक्षी जवळजवळ नाहीशी झालेली दिसेल. घाबरू नका. काच पांढरी दिसते ती बारीक खड्ड्यांमध्ये प्रकाश विखुरतो म्हणून. पाणी ते खड्डे भरतं आणि प्रकाश पुन्हा सरळ जातो. वाळली की नक्षी परत येते.

अक्षरांना रंग हवा असेल तर तो याच टप्प्यावर. स्टेन्सिल तसंच ठेवून, काच पूर्ण वाळवून, स्प्रेचे दोन पातळ थर द्या आणि रंग ओलसर असतानाच व्हायनल सोला. खरबरीत काचेवर रंग चांगला धरतो. पुणेरी पाटीसारखी दुरून वाचता यायची असेल तर काळा किंवा गडद लाल. बिनरंगी ठेवायची असेल तर मागची भिंत गडद हवी. पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं हरवतात.

उरलेला डिंक अल्कोहोलने काढा, ब्लेडने नाही. धुरकट भाग उघडा राहणार असेल, जसं दारावर, तर बोटांचं तेल त्यात शिरून डाग पडतात. काचेसाठी मिळणारं सिलिकॉनचं सीलर लावा, किंवा नक्षीची बाजू कमी हात लागतो तिकडे ठेवा. मागून कोरलेल्या पाटीला हा प्रश्न नाही.

भिंतीवर स्टीलच्या स्पेसर स्टडवर बसवा. काच आणि स्टड यांच्यामध्ये नायलॉनचं वॉशर घाला आणि हाताने आवळता येईल इतकंच आवळा. खालच्या कडेला एलईडीची पट्टी लावली तर प्रकाश काचेच्या आतल्या आत परावर्तित होत वर जातो आणि जिथे पृष्ठभाग कोरलेला आहे तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे फक्त नाव उजळतं. पाटी पावसाच्या माऱ्यात येत असेल तर मागून पाणी शिरून अक्षरं पुसट दिसतील. अशा वेळी वरच्या आणि बाजूच्या कडांना न्यूट्रल सिलिकॉनची पातळ रेघ भरा. खालची कड मोकळी ठेवा, आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट हवी.